गळतीचं शिक्षण जेवणावळीत उरकू नका

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या अभियंता दिनाला, १५ सप्टेंबरला जोडून आपल्या अभियंत्यांच्या संघटनेने दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरवलं होतं. विषय होता इमारतीचं बाह्य आवरण, म्हणजे छत, बाहेरच्या भिंती, खिडक्या आणि जोतं. त्यांतून ओल कशी शिरते, ती अडवायची कशी आणि इमारत टिकवायची कशी, हे त्यात शिकायचं होतं. गेल्या आठवड्यात निरोप आला की प्रशिक्षण रद्द. त्याऐवजी एका वॉटरप्रूफिंग कंपनीचं 'तांत्रिक सत्र' होणार, संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये, आणि नंतर स्नेहभोजन. सहकुटुंब यावं अशी विनंतीही खाली आहे.

बैठकीत हरकत घेतली असती, पण बैठकच झाली नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. घर बांधणाऱ्याचे नि फ्लॅट घेणाऱ्याचे पैसे या विषयात बुडतात, आणि ती माणसं आपल्या संघटनेची सभासद नाहीत. त्यांनाही कळू दे.

आधी माझा संबंध सांगतो. डिप्लोमा करून साइटवर लागलो आणि आता बऱ्याच वर्षांपासून धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात गळती दुरुस्तीची कामं घेतो. तुमच्यापैकी अनेकांच्या इमारतींच्या गच्चीवर मी गुडघे टेकून भेगा शोधल्या आहेत. नावं घेत नाही, घेणारही नाही. आपण सगळे जितकं कमी शिकू तितका माझा पावसाळा चांगला जातो, तेव्हा हे पत्र माझ्या धंद्याच्या सोयीचं नाही हे लक्षात घ्या.

सचिवसाहेबांनी फोनवर बाजू मांडली ती प्रामाणिकपणे नोंदवतो. हॉलचा खर्च कंपनी करते, सभासद एरवी येत नाहीत, जेवणाच्या निमित्ताने तरी येतात. सगळं खरं आहे. पण शिकवायला विक्रेता उभा राहिला की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्या डब्यातच निघतं. औषधाच्या दुकानात बसून वैद्यकी शिकण्यासारखं आहे ते. कंपनीचा माणूस खोटं बोलेल असं मी म्हणत नाही, त्याचा माल चांगलाही असेल. मात्र 'इथे माझ्या मालाची गरजच नाही, खिडकीचा ढाळ उलटा आहे, तो सरळ करा' हे वाक्य तो का बोलेल?

हे उदाहरण हवेतलं नाही. अमळनेरकडच्या एका घरी बैठकीच्या खोलीत पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात भिजायची. घरमालकांनी दोन वेगवेगळ्या लोकांकडून गच्चीवर कोट मारून घेतला होता. दुसरा कोट महागाचा, हमीपत्रासह. भिंत भिजायची थांबली नाही. घरातल्या आजी मला म्हणाल्या, "भाऊ, पानी वरतून नही, भितमाईन ई ऱ्हायनं." म्हणजे पाणी वरून नाही, भिंतीतून येतंय. त्यांचंच बरोबर निघालं. खिडकीच्या खालच्या पाटाला ढाळ आतल्या बाजूला होता. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या पट्टीत पाणी बाहेर पडायला भोकं असतात, ती कुणीतरी पांढऱ्या सिमेंटने व्यवस्थित बुजवली होती. नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस पट्टीत साचायचा, पाटावरून मागे यायचा आणि भिंतीत उतरायचा. ज्याने भोकं बुजवली त्याला ती कशासाठी आहेत हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. खिडकी बसवल्यावर साइट तपासणाऱ्या अभियंत्यालाही नसावं. आणि मला तरी कॉलेजात कुठे सांगितलं होतं?

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार निदानाबद्दल आहे. आपण बीम, कॉलम, फुटिंगची गणितं शिकलो. ओल ओळखायला शिकलो नाही. पाणी घरात चार वाटांनी येतं: पावसाचं बाहेरून, नळाचं भिंतीतून, जमिनीतलं केशाकर्षणाने वर चढून, आणि हवेतलं बाष्प गार पृष्ठभागावर थंड होऊन. चारही वेळा भिंतीवर डाग दिसतो, आणि चारही वेळा आपल्याकडे उपाय एकच होतो, गच्चीवर कोट. खरं तर डाग स्वतःच बरंच सांगत असतो. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत सरळ पट्टा, त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा म्हणजे क्षारांची पूड, आणि डिसेंबरातही भिंत दमट असेल तर पाणी जोत्यातून चढतंय. पाऊस पडून गेल्यावर काही तासांनी किंवा दोन दिवसांनी डाग गडद होत असेल आणि उघडीप मिळाली की वाळत असेल तर तो पाऊस. मे महिन्याच्या उन्हातही डाग तसाच असेल तर पावसाचा काय संबंध? तिथे नळ किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीचं पाणी जाण्याचं तोंड, तपासा. आणि कपाटामागे, खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी, पण लोणा नाही, पोपडे नाहीत, तर ते हवेतलं पाणी. एवढं ओळखायला यंत्र लागत नाही. एका दुपारी शिकवता येतं, आणि त्यासाठी सप्टेंबरसारखा महिना नाही, कारण तेव्हा गावातल्या भिंती ओल्या असतात. म्हणून मूळ प्रशिक्षणाची तारीख मला फार पटली होती.

दुसरी तक्रार नकाशांची. मंजुरीच्या नकाशात पार्किंग असतं, सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती सोडायची जागा, असतात, जिन्याची रुंदी असते. पाणी कुठून जाईल हे काढलेलं नसतं. सज्जाच्या कडेखाली पाणी तोडणारी खाच नसते, त्यामुळे पाणी सज्जाच्या पोटाला चिकटून मागे भिंतीपर्यंत येतं आणि काही वर्षांनी खालची सळई उघडी पडते. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, माथ्याला ढाळ आत गच्चीकडे की बाहेर रस्त्याकडे, हे साइटवर गवंडी ठरवतो. गच्ची आणि पॅरापेटच्या कोनात गोला, म्हणजे सिमेंटची गोलाई, हवा, तो कुणाला आठवला तर होतो. पावसाच्या नळांचा हिशेब तर विचारूच नका. राष्ट्रीय इमारत संहितेच्या कोष्टकानुसार ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा नळ सुमारे ४३ चौरस मीटर छताचं पाणी नेतो. आपल्याकडे १०० चौरस मीटरच्या गच्चीला बऱ्याचदा एकच नळ असतो, आणि त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी. बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब विटांच्या तुकड्यांनी भरतात, त्याच्या तळातून पाणी बाहेर काढणारी नळी ठेवत नाहीत. वरच्या फरशीचा एक सांधा उघडला की ते भरण वर्षानुवर्षं पाणी धरून ठेवतं, आणि खालच्या घरात भांडण सुरू होतं.

तिसरी तक्रार अशी की आपण खान्देशासाठी शिकतच नाही. मुंबईच्या पावसासाठी लिहिलेलं पत्रक इथे वाटतो. आपली अडचण पाऊस कमी आणि ऊन जास्त ही आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, उघडा स्लॅब त्याहून कितीतरी जास्त तापतो. कॉंक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण एक शतांश मिलिमीटर प्रसरण पावतं. म्हणजे १५ मीटर लांबीच्या स्लॅबचं तापमान ४० अंशांनी बदललं तर तो ६ मिलिमीटर हलतो. खालच्या विटांच्या भिंतीला तेवढं हलता येत नाही. म्हणून शेवटच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग पडते. तिच्यात दर उन्हाळ्याला पुट्टी भरली जाते, दर उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. या भेगेचं औषध छताला ऊन लागू न देण्यात आहे, म्हणजे स्लॅबच्या वर उष्णतारोधक थर देण्यात. ऊर्जा दक्षता ब्यूरोची 'इको निवास संहिता' २०१८ पासून आहे, तिच्या त्या आवृत्तीचा पहिला भाग इमारतीच्या बाह्य आवरणाबद्दलच आहे, त्यात छताच्या उष्णता वहनाला कमाल मर्यादा दिली आहे. ती आवृत्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी लिहिलेली आहे हे खरं. पण छोट्या बंगल्याच्या छतावरचं ऊन काही सौम्य होत नाही. किती सभासदांनी ती उघडून पाहिली आहे?

कोब्याबद्दलही बोललं पाहिजे. विटांचा कोबा, म्हणजे गच्चीवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, ही आपल्या भागाची सवय आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. चांगला ढाळ देऊन, नीट पाणी मारून केलेला कोबा बरीच वर्षं टिकतो. पण १०० मिलिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात वजन टाकतो, ते गणितात धरलेलं असतं का? आणि एकदा त्याला तडा गेला की पाणी कोब्याखाली आडवं पळतं. गळतं दक्षिणेच्या खोलीत, भेग असते उत्तरेच्या कोपऱ्यात. त्यावर दुसरा कोबा ओतणं हा उपाय नव्हे.

आपल्याकडच्या कित्येक गावांत अजून धाब्याची घरं उभी आहेत. लाकडी सरे, फळ्या, त्यावर जाड मातीचा थर आणि वरून खारी माती. ती माती भिजली की तिचे कण फुगून छिद्रं बंद होतात आणि पाणी वरच अडतं, मग परनाळातून बाहेर पडतं. जाड मातीमुळे खालची खोली गार राहते. पाऊस लागण्याआधी दरवर्षी खारी टाकायची, ढाळ बघायचा, परनाळ मोकळं करायचं, हे घरातल्या माणसांना माहीत असायचं. धाब्याकडे परत चला असं मी म्हणत नाही. विंचू, उंदीर, घुशी, आणि पावसात रात्री उठून वर चढणं ज्याने केलंय तो असं म्हणणारही नाही. पण छताला दरवर्षी माणूस लागतो हे त्या घरांत गृहीत होतं. आपण स्लॅब दिला आणि देखभालीचा कागद दिला नाही.

काळी माती तर आपल्या पायाखालीच आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भिंतीला तिरप्या भेगा देते. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर घेर असलेले पायाचे खांब, विकसित केले, ते आपण परीक्षेत लिहिलं. पण गच्चीचा नळ थेट जोत्याशी सोडू नये, घराभोवती पक्का उताराचा पट्टा असावा, ही साधी गोष्ट साइटवर कोण सांगतं? पायाजवळ एका बाजूला पाणी मुरलं की तिथलीच माती फुगते, भेग पडते आणि त्या भेगेतून पुढचा पाऊस आत येतो.

नव्या कॉंक्रीटवर पाणी मारण्याबद्दल थोडक्यात. आयएस ४५६ या कॉंक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० च्या आवृत्तीत उष्ण आणि कोरड्या हवेत किमान १० दिवस पाणी मारा असं लिहिलं आहे, आणि राखमिश्रित सिमेंटला ते १४ दिवसांपर्यंत वाढवावं अशी शिफारस आहे. आपण वापरतो ते बहुतेक पीपीसी, म्हणजे हेच राखमिश्रित सिमेंट. एप्रिल-मेमध्ये टँकर विकत घेऊन प्रत्यक्षात किती दिवस पाणी मारलं जातं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही. त्याच संहितेत लोखंड असलेल्या कॉंक्रीटच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. खाऱ्या बोअरचं पाणी तपासल्याशिवाय मालात घालतो आणि पुढे सळई गंजली की सिमेंटला नावं ठेवतो.

चौथी तक्रार ओल कोंडण्याची. भिंत भिजणं जितकं वाईट, तितकंच तिला वाळू न देणं वाईट. चुना-विटांच्या जुन्या वाड्यांना आतून सिमेंट प्लास्टर आणि वर प्लास्टिक रंग दिला की जोत्यातून चढणारी ओल बाहेर पडू शकत नाही. ती आणखी वर चढते आणि भिंतीत घुसलेल्या तुळयांची टोकं कुजवते. नव्या घरांत एसी आला आहे. बाष्पाने पूर्ण भरलेली ३० अंशांची हवा घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी धरते, २० अंशांची सुमारे १७. ऑगस्टच्या दमट हवेत थंडगार ठेवलेल्या खोलीच्या भिंतीला आतून व्हिनाइलचा वॉलपेपर लावला तर बाहेरून आलेलं बाष्प त्याच्या मागे अडकतं आणि तिथेच पाणी होतं. ही बुरशी घालवायला कुणी गच्चीवर कोट मारला की मला हसावं की रडावं कळत नाही.

पाचवी, आणि ही मला मनापासून लागते. प्रशिक्षणाच्या यादीत गवंडी नव्हतेच, आणि सहकुटुंब स्नेहभोजनातही नाहीत. ढाळ हातात कुणाच्या असतो? थापी कुणाच्या हातात असते? त्या माणसाची एक दिवसाची मजुरी बुडेल म्हणून तो येत नाही, आणि आपण म्हणतो त्यांना शिकायचंच नसतं.

परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण तिथे आपल्यासारख्याच दुर्लक्षाची किंमत मोजावी लागली. कॅनडात व्हॅंकूव्हर आणि आसपास १९८० आणि ९० च्या दशकांत बांधलेल्या हजारो फ्लॅटच्या भिंती आतून कुजल्या. साहित्य नवं होतं, इमारती देखण्या होत्या, पण छपराला पुढे आलेली वळचण नव्हती, खिडक्यांचे सांधे चुकले होते आणि भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. १९९८ मध्ये चौकशी आयोग बसला, कायदा झाला, आणि नव्या घरांना तीन टप्प्यांची हमी सक्तीची झाली: कारागिरी व साहित्याची २ वर्षं, बाह्य आवरणाची ५, सांगाड्याची १०. न्यूझीलंडमध्ये तसंच घडलं. तिथे २००९ च्या एका अंदाजात नुकसान ११ अब्ज न्यूझीलंड डॉलरच्या वर काढलं होतं. त्यांच्या भिंती लाकडी, आपल्या विटांच्या. आपल्या इमारती तशा कुजून कोसळणार नाहीत, उगाच घाबरवत नाही. पण तिथे नंतर अभियंते, वास्तुविशारद आणि कारागीर यांना बाह्य आवरणाचं वेगळं शिक्षण देणं सुरू झालं, ते पैसे बुडाल्यावर. आपण आधी करू शकतो.

आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत दाखवलेला बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा ८ घरांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणी लागत नाही. आपल्या गावांतले रो-हाउस आणि छोट्या अपार्टमेंट बहुतेक त्यातच बसतात. तिथे घरमालकाचा भरवसा फक्त आपल्या ज्ञानावर आहे.

मागण्या स्पष्ट लिहितो.

रद्द केलेलं दोन दिवसांचं प्रशिक्षण याच सप्टेंबरात, भिंती ओल्या असतानाच घ्या. खर्च सभासदांच्या वर्गणीतून करा, कमी पडला तर प्रवेश शुल्क ठेवा. कंपन्यांना हवं तर दुसऱ्या दिवशी दुपारी बोलवा, पण एकीला नाही, तीन-चार जणींना एकत्र, चाचणी अहवालांसह, आणि सभासदांना प्रश्न विचारायची मोकळीक देऊन.

निम्म्या जागा गवंडी, प्लंबर आणि खिडकी बसवणाऱ्यांना द्या. त्यांची त्या दिवसांची मजुरी संघटनेने भरावी. शिकवणं मराठीत आणि अहिराणीत असावं, पडद्यावर कमी, विटेवर जास्त.

खिडकी, सज्जा, पॅरापेट आणि नळाचं तोंड असलेली एक नमुना भिंत कायमची बांधा. तिच्यावर पाण्याचा फवारा मारून कुठून आत येतं ते दाखवा. तंत्रनिकेतन आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांना ती पाहायला बोलवा. अभ्यासक्रमात बदल व्हायला वेळ लागेल, त्यासाठीही संघटनेने अभ्यासमंडळांना लेखी मागणी करावी.

पाणी शिरण्याच्या नेहमीच्या ठिकाणांचे तपशीलवार नकाशे मराठीत तयार करून सगळ्यांना मोफत द्या, आणि प्रत्येक घरमालकाला देखभालीचं एक पान द्यावं असा ठराव करा.

अभियंता दिनाला आपण विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतो. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले, तेव्हाच्या त्यांच्या सुरुवातीच्या कामांतलं एक आपल्याच जिल्ह्यात, दातर्तीजवळ पांझरेच्या पात्रातून पाणी नेणारा सायफन. पाण्याचीच वाट आखण्याचं काम होतं ते. त्यांच्या जयंतीला आपण पाण्याबद्दलच बोलणार असू, तर ते विक्रेत्याकडून नको.

नमुना भिंतीसाठी माझ्या यार्डातली जागा देतो. विटा, सिमेंट आणि पाण्याचा टँकर माझ्याकडून. दोन्ही दिवस मी स्वतः उभा राहीन, मानधन नको. हॉटेलच्या हॉलचं आगाऊ भाडं अजून गेलेलं नसेल तर कृपया थांबवा, आणि या महिनाअखेरपर्यंत तारीख लेखी कळवा.

आपला,
संघटनेचा एक वर्गणीदार सभासद,
धुळे